चित्राच्या वाटेनें ग्रंथाकडे

इसवी सन १८७८ हें साल पुण्याच्या वाङ्मयेतिहासांत ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची १८७४ सालीं निघालेली 'निबंधमाला' तेव्हां सुशिक्षितांच्या हातीं जात होतीच. १८७८ सालीं त्यांनीं मित्रांच्या साह्यानें जुनीं काव्यें व बखरी प्रसिद्ध करण्यासाठीं 'काव्येतिहाससंग्रह' हें मासिक काढलें. आणि त्याच वर्षीं 'चित्रशाळा' हा छापखाना स्थापन केला. एकीकडे बखर, दुसरीकडे चित्र! ही जोडी मला मोठी अर्थपूर्ण वाटते.

चित्रशाळेंतून रामपंचायतनासारखीं शिळाछापाचीं रंगीत चित्रें निघालीं. तशींच पेशवाईंतील पुरुषांचींही निघालीं. ज्या घरांत ग्रंथ जात नव्हता, तेथें चित्र भिंतीवर लागलें. मुलानें 'हे कोण?' म्हणून विचारावें आणि वडिलांनीं कथा सांगावी. तेथून बखरीची वाट फारशी लांब नाहीं.

हें स्मरण होण्याचें कारण आफ्रिकेचें वाङ्मय. इंग्रजी कवींचीं नांवें आमच्या तरुणांस शाळेंतच कळतात. परंतु 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी १९५८ सालीं लिहून गाजलेले चिनुआ अचेबे, किंवा १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे वोले सोयिंका, हे किती जणांच्या परिचयाचे आहेत? केवळ उपदेशानें हें परकेपण जात नाहीं. येथें पुण्याचाच जुना मार्ग उपयोगी पडावा.

घाना देशांतील अकान लोकांत 'अदिंक्रा' नांवाचीं चिन्हें आहेत. भोपळ्याच्या कवचावर ठसा कोरून, झाडाच्या सालीपासून काढलेल्या काळ्या रंगानें तीं कापडावर उमटवितात. प्रत्येक चिन्हामागें एखादी म्हण वा विचार असतो. 'सांकोफा' या चिन्हांतील पक्षी मान मागें वळवून उभा आहे. मागें राहिलेलें परत जाऊन आणावें, हा त्याचा बोध. बखरी शोधणाऱ्या शास्त्रीबोवांस हा पक्षी खचित ओळखीचा वाटला असता! मुलांनीं असा ठसा स्वहस्तें कोरला, म्हणजे त्यामागची म्हण तीं आपण होऊन विचारतील. आणि म्हणींनीं भरलेली अचेबे यांची कादंबरी मग त्यांस दुर्बोध वाटणार नाहीं.

मात्र एक सावधगिरी हवी. चित्र भिंतीवर राहिलें आणि ग्रंथ फडताळांत, असेंही आमच्या घरांत घडलें आहे. १८८२ सालीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, शास्त्रीबोवा निवर्तले; पण चित्र व ग्रंथ त्यांनीं एकाच वर्षीं हातीं घेतले होते, हें आपण विसरूं नये. चित्र दाखविणारानें पाठोपाठ पुस्तकही मुलाच्या हातीं ठेवावें.