दिवसा राम, रात्री कृष्ण : गंजिफाची कुळकथा

दशावतारी गंजिफाचा डाव दिवसा मांडला, तर ज्याच्या हाती रामाचा राजा आला असेल त्याची पहिली उतारी. दिवेलागणीनंतर मांडला, तर तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो. सावंतवाडीच्या गोल, लाखेनं चकाकणाऱ्या पानांचा हा नियम कुणा हरिदासाच्या घरी जन्मला असावा असं ऐकणाऱ्याला वाटतं. त्याचं मूळ मात्र मोगल दरबारात आहे. तिथल्या गंजिफात दिवसा ‘सुर्ख’, म्हणजे सोन्याच्या नाण्याचा रंग पुढे असे आणि रात्री ‘सफेद’, म्हणजे चांदीच्या नाण्याचा. सोनं सूर्याचं, चांदी चंद्राची. हा खेळ वैष्णवांच्या ओसरीवर आला तेव्हा सूर्याच्या जागी सूर्यवंशी राम बसला आणि चंद्राच्या जागी चंद्रवंशी कृष्ण. नियम जागचा हलला नाही, मानकरी तेवढे बदलले.

गंजिफाच्या कुळकथेत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही अदलाबदल. तिच्यात कुणी कुणावर मात केलेली नाही. परक्या दरबाराची वस्तू आपली करून घेताना तिची मांडणी मोडायची नाही, एवढं शहाणपण त्या काळच्या अनाम चिताऱ्यांना होतं.

खेळाचं नाव फारसी मुलखातून आलं. मामलुक सुलतानांच्या इजिप्तमध्येही पंधराव्या शतकात तो खेळला जात होता. त्या काळची हातानं रंगवलेली पानं इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहेत. हिंदुस्थानातला जुना आणि स्पष्ट उल्लेख बाबराचा. 1527 मध्ये त्यानं सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवला, कारण शाह हसनला तो फार आवडे आणि त्यानं तो मागितला होता. एका राजानं दुसऱ्याला आवर्जून पाठवावी अशी ही भेट होती. पुढे अबुल फझलनं ‘आईन-इ-अकबरी’त या खेळाचं सविस्तर वर्णन केलं. त्यात जुन्या खेळाचे बारा रंग आहेत आणि त्यांची नावं अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी आहेत. बारा रंग, प्रत्येकाची बारा पानं, मिळून 144. म्हणजे दशावतार पानांवर येण्याच्या आधीच, खुद्द अकबराच्या दरबारात, या फारसी नावाच्या खेळानं इथली नावं धारण केली होती.

रूढ झाला तो आठ रंगांचा, 96 पानांचा मोगल गंजिफा. त्याचे रंग म्हणजे एका राज्याचा कारभारच : मुकुट, तलवार, चाकर, वाद्य, सोन्याचं नाणं, चांदीचं नाणं, हुकूमनामा आणि माल. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एकपासून दहापर्यंतची पानं. अर्ध्या रंगांत दहाचं पान एक्क्याहून जड आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का दहाहून जड, ही यातली खरी मेख. तीन खेळाडू, हुकूम नाही, त्यामुळे कोणती पानं पडून गेली हे ध्यानात ठेवण्यावर सगळी भिस्त.

दशावतारी गंजिफानं हे सगळं जसंच्या तसं घेतलं. रंग दहा झाले, पानं 120 झाली, वजिराचा प्रधान झाला. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवं, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. आठाचं पान म्हणजे आठ मासे किंवा आठ परशू, आणि ते एका गोलाकारात असे बसवायचे की दाटी दिसू नये आणि पोकळीही राहू नये. मोगल पानावर नाण्यांची मांडणी करताना चित्रकाराला जे कसब लागे, तेच इथे कासवांसाठी लागलं. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर हाच साचा ताणत ताणत 360 पानांपर्यंत नेला.

पानांचे दोन दर्जे होते. हस्तिदंतावर किंवा कासवाच्या पाठीवर रंगवलेलं ते दरबारी काम. कापडावर किंवा कागदावर केलेलं ते बाजारी. गरिबाचं पान असं घडे : जुनं सुती कापड घ्यायचं, त्याला चिंचोक्याची खळ द्यायची, थर एकावर एक चिकटवायचे, वर पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, दगडानं घोटून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, रंगवायचं आणि शेवटी लाख चढवायची. इथे बेळगावच्या खासबागेत, वडगाव-शहापुरात, माग चालवणाऱ्या घरांना ताण्याला खळ देण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. सुतात जीव येतो तो खळीनं. चिताऱ्याच्या पानालाही कणखरपणा येतो तो तिच्यानंच; एरवी रंगाचा थर पहिल्याच डावात तडकला असता.

बेळगावाहून वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी लागते. तिथं चितार आळी आहे, लाकडी खेळणी आणि लाखकाम करणाऱ्या घरांची. भोसले संस्थानच्या आश्रयानं गंजिफा या आळीत रुजला. दशावतारी नाटकांची रात्र जागवणाऱ्या या मुलखाला पानांवरचे दहा अवतार नव्यानं ओळखून घ्यावे लागले नसणार. पण छापील बावन्न पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि हातानं रंगवलेल्या 120 पानांना गिऱ्हाईक उरलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सावंतवाडीत ही पानं रंगवण्याचं पूर्ण ज्ञान वृद्ध पुंडलिक चितारी यांच्यापाशी उरलं होतं.

या टप्प्यावर कथेत सत्त्वशीलादेवी भोसले येतात. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून सावंतवाडीच्या राजघराण्यात आलेल्या, स्वतः चित्रकार असलेल्या. संस्थानिकांच्या घरात जुन्या वस्तू जपायची रीत सोपी असते : काचेचं कपाट करायचं, किल्ली लावायची. सत्त्वशीलादेवी आणि त्यांचे पती शिवरामराजे यांनी अवघड वाट धरली. त्यांनी पुंडलिक चिताऱ्यांकडून ही विद्या शिकून घेतली. राणीनं चिताऱ्यापुढे शिष्य म्हणून बसायचं, खळ आणि लाख समजून घ्यायची, हे त्या काळी लहान पाऊल नव्हतं. मग स्थानिक तरुणांना शिकवणं सुरू झालं, 1971 मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ उभं राहिलं आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर रंगवायला बसू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला पान घडताना पाहता येऊ लागलं.

सत्त्वशीलादेवींचं मोठेपण मला त्यांच्या निवडीत दिसतं. चित्रकाराला स्वतःची शैली, स्वतःची सही हवीशी वाटते. त्यांनी मात्र आपलं शिक्षण आणि वजन अशा कलेमागे लावलं जिच्यात सही नसते, जिचा आकार इस्लामी दरबारांनी ठरवला आणि जिच्यातले देव कोकणानं बसवले. यातला एकही धागा त्यांनी परका मानला नाही. दशावतारीबरोबर नवग्रह आणि राशींचे गंजिफा सावंतवाडीत रंगवले जाऊ लागले, बावन्न पत्तेही त्याच शैलीत येऊ लागले. जुना साचा नवे विषय पेलू शकतो, हे पुन्हा एकदा सिद्ध झालं. 2018 मध्ये त्या गेल्या. काम त्यांच्या घराण्यातली पुढची पिढी चालवते आहे.

तरीही एक काम राहिलं आहे आणि ते चित्रकारांच्या हातचं नाही. आज गंजिफा घेणारे बहुतेक जण तो भिंतीवर लावतात किंवा पेटीत ठेवतात. पानं वाचली, डाव मागे पडला. आणि डावाशिवाय या चित्रांचा अर्थ अर्धाच राहतो. मत्स्याचे दहा मासे वरचढ की एकच, हे भिंतीवरच्या पानाला सांगता येत नाही. दिवसा रामाला आणि रात्री कृष्णाला मान का, हेही नाही. सावंतवाडीहून पेटी आणणाऱ्यानं घरात आणखी दोघांना बसवावं, नियम शिकावेत आणि पानांना हाताचा घाम लागू द्यावा. लाख त्यासाठीच चढवलेली असते.