शब्दांनी घेतलेला आसरा

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आपली मुले वडीलधाऱ्यांना 'अंकल', 'आंटी' अशी हाक मारताना आपण ऐकतो. मामा, काका, मावशी, आत्या ही आपली नाती या दोन परक्या शब्दांत बुडाली, अशी खंतही व्यक्त करतो. परंतु ज्या इंग्रजीला आपण दोष देतो, तिचेही हे शब्द उसनेच आहेत. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. नव्या राज्यकर्त्यांच्या फ्रेंच बोलीतून हे दोन्ही शब्द इंग्रजीत आले आणि मामा, आत्या यांच्यासाठी असलेले तेथील जुने शब्द कालांतराने लोपले.

जर्मनीचीही तीच कथा आहे. जुन्या जर्मन भाषेत मामाला 'ओहाइम', काकाला 'फेटर', मावशीला 'मूमे' आणि आत्याला 'बाझे' म्हणत. सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रेंच ही दरबाराची व शिष्टाचाराची भाषा झाली. प्रतिष्ठित घरांतून 'ओंकल' आणि 'तांटे' हे फ्रेंच शब्द रूढ झाले व हळूहळू सर्वसामान्यांच्या ओठी बसले. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश तर आपले लेखन फ्रेंचमध्ये करी. १७४५ ते १७४७ या काळात पोट्सडाम येथे त्याने बांधलेल्या प्रासादाचे नावही 'साँ सूसी', म्हणजे 'निश्चिंत', असे फ्रेंचच होते. १७८४ साली बर्लिनच्या अकादमीने फ्रेंच भाषेच्या सार्वत्रिक प्रभावाची कारणे शोधणाऱ्या निबंधांना पारितोषिक दिले.

मात्र फ्रेंच शब्द केवळ विजेत्यांच्या घोड्यांवरून व राजांच्या पालख्यांतून फिरले, असे समजणे चूक ठरेल. काही शब्द पायी चालत, रात्रीच्या अंधारात सीमा ओलांडून गेले. आम्हां कॅथलिकांनी ही हकीकत मान खाली घालूनच वाचावयास हवी.

१५९८ साली चौथ्या हेन्रीने नांतचा आदेश काढून फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांना, म्हणजे ह्यूगनॉट लोकांना, उपासनेची मुभा दिली होती. ऑक्टोबर १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ती काढून घेतली. त्यांची प्रार्थनामंदिरे पाडण्याचा हुकूम सुटला. धर्मांतरास नकार देणाऱ्या त्यांच्या पाळकांना पंधरा दिवसांत देश सोडण्यास फर्मावले गेले. सामान्य भाविकांना मात्र देश सोडण्याचीच बंदी! पळताना सापडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा होई व स्त्रियांना तुरुंगवास. त्याआधी १६८१ पासूनच 'ड्रागून' म्हणजे घोडेस्वार शिपाई त्यांच्या घरांत मुक्कामाला धाडले जात आणि घरधनी कॅथलिक होण्यास कबूल होईपर्यंत ते त्या घराची नासधूस करीत. एखाद्याला दमदाटीने एखादी गोष्ट करावयास लावणे, या अर्थाचे इंग्रजी क्रियापद या शिपायांच्या नावावरूनच पडले आहे.

बंदी झुगारून सुमारे दोन लाख माणसे देशोधडीला लागली. आसरा शोधणारे ते 'रेफ्युजिए'. इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलेल्या या लोकांमुळे तोच शब्द 'रेफ्युजी' होऊन इंग्रजीत रुजला.

ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर फ्रीडरिश विल्हेल्म याने त्याच वर्षी पोट्सडामचा आदेश काढून त्यांना बोलावून घेतले. करमाफी, घरबांधणीचे साहित्य, स्वतःचे न्यायाधीश व पाळक देण्याचे वचन दिले. यामागे केवळ दया नव्हती. तीस वर्षांच्या युद्धाने ओस पडलेल्या त्याच्या मुलखाला कसबी हात हवे होते. सुमारे वीस हजार लोक तेथे गेले. १७०० च्या सुमारास बर्लिनमधील दर पाच रहिवाशांपैकी एक फ्रेंच होता. त्यांच्या मुलांसाठी १६८९ साली स्थापन झालेली फ्रेंच शाळा आजही बर्लिनमध्ये चालू आहे.

बर्लिनच्या बोलीत फ्रेंच शब्द असे खोलवर मुरले आहेत की, ते परके वाटतच नाहीत. खिम्याच्या तळलेल्या गोळ्याला बर्लिनकर 'बुलेट' म्हणतो. तो मूळचा फ्रेंच 'बुलेत', म्हणजे लहान गोळा. छोट्याशा दुकानाला वा गुत्त्याला तो 'बुडीके' म्हणतो. तो 'बुतीक'चा अपभ्रंश. अर्थात, लोककथांवर सर्वस्वी विसंबू नये. नसत्या सबबींना जर्मन लोक 'फिझिमाटेंटेन' म्हणतात. नेपोलियनचे शिपाई जर्मन मुलींना फ्रेंचमध्ये 'माझ्या तंबूत या' म्हणत, त्यावरून हा शब्द आला, असे सांगतात. गोष्ट रंगतदार खरी, पण तो शब्द नेपोलियनच्या कितीतरी आधीचा आहे!

पुढे राष्ट्राभिमानाची लाट आली. १८७० नंतरच्या दशकात टपालखात्याचा प्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान याने सातशेहून अधिक परकी शब्द खात्यातून हद्दपार केले. रेल्वेनेही तोच कित्ता गिरवला; 'पेरों' गेला, 'बाह्नश्टाइग' आला; 'बिये' जाऊन 'फारकार्ट' आले. स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषकांनी मात्र ते दोन्ही जुने शब्द जपले. फलाटावरची पाटी हुकमाने बदलता येते. आत्याला मारलेली हाक तशी बदलत नाही. 'तांटे' राहिली, 'बुलेट'ही राहिला.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे युवकांच्या जागरण-प्रार्थनेत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १५७२ च्या सेंट बार्थोलोम्यू दिनाच्या कत्तलीचे स्मरण केले आणि शुभवर्तमानाला अमान्य असलेली कृत्ये ख्रिस्ती लोकांच्या हातून घडल्याची कबुली दिली. छळणारे आमचेच होते, हे मान्य करण्याने श्रद्धा उणी होत नाही.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. तीच पुढे उल्हासनगर झाली. 'रेफ्युजी' हा शब्द तेव्हा आपल्याकडे घरोघर पोहोचला. तो शब्द कधी हेटाळणीने आमच्या तोंडी आला असेल, तर एवढे स्मरावे: तो प्रथम ज्यांच्यासाठी इंग्रजीत रुजला, ते केवळ आपल्या पद्धतीने प्रार्थना करू इच्छिणारे ख्रिस्ती होते आणि त्यांना घराबाहेर काढणारेही ख्रिस्तीच होते.