बडोदे की धारवाड?

पदव्युत्तर मराठीच्या विद्यार्थ्यांची अभ्याससहल ठरवताना वेळ आणि पैसा दोन्ही बेताचेच असतात. महाराष्ट्राबाहेरचे एखादेच विद्यापीठाचे शहर पाहणे शक्य असते आणि चर्चेत बहुधा दोन नावे उरतात : बडोदे आणि धारवाड. सोयीवर सोडले तर मुंबईकर बडोद्याला जातील, कोल्हापूरकर धारवाडला. आमच्या मते मात्र ही निवड रेल्वेच्या वेळापत्रकाने करू नये. आपल्या भाषेच्या इतिहासातले कोणते प्रकरण विद्यार्थ्यांनी आधी वाचावे, असा तो प्रश्न आहे.

१९४९ हे वर्ष या दोन शहरांना जोडते. त्या वर्षी १ मे रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. महाराजा सयाजीराव विद्यापीठ त्याच वर्षीचे. कर्नाटक विद्यापीठाची स्थापनाही १९४९ चीच. पुढच्या वर्षी ते मुंबईहून धारवाडला आले. म्हणजे ही दोन्ही विद्यापीठे एकाच राज्यात रांगू लागली. १९५६ मध्ये धारवाड म्हैसूर राज्यात गेले, १९६० मध्ये बडोदे गुजरातेत. मराठी दोन्हीकडे मागे राहिली. पण ती तिथे ज्या नात्याने गेली होती, ती नाती मात्र निराळी होती.

बडोद्यात ती राजघराण्याची भाषा होती. सयाजीराव तिसरे यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. ग्रंथालयांचे जाळे उभारण्यासाठी त्यांनी विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतील पहिला ग्रंथ, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, १९१६ मध्ये निघाला. वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती येथील प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत सिद्ध केली. मराठी साहित्य संमेलन १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असे चार वेळा या शहरात भरले. भाषेला राजाश्रय मिळाला म्हणजे काय काय घडू शकते, याचा इतका सलग दाखला अन्यत्र क्वचितच सापडेल.

राजाश्रयाची मर्यादाही तेथेच दिसते. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. पारशी विश्रामगृहात ओळख लपवून मिळवलेल्या खोलीतूनही त्यांना हुसकावण्यात आले. सयाजीबागेतील ‘संकल्पभूमी’ त्या दिवसाचे स्मरण देते. तिच्याशी न थांबता केवळ राजवाडा पाहून परतणाऱ्यांनी अर्धेच बडोदे पाहिले, असे आम्ही म्हणू.

धारवाडची गोष्ट आपल्याला ऐकायला अवघड आहे. पेशवाईच्या आणि पुढे मुंबई इलाख्याच्या काळात या कन्नड प्रदेशातील शाळा-कचेऱ्यांवर मराठीचा वरचष्मा होता. डेप्युटी चन्नबसप्पा यांनी एकोणिसाव्या शतकात कन्नड शाळांसाठी खटपट केली, रा. ह. देशपांडे यांनी १८९० मध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन केला. ही चळवळ मराठीच्या वर्चस्वाविरुद्ध उभी राहिली. तिचे एक अध्वर्यू आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसनचे विद्यार्थी. टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच कन्नडमध्ये नेले. विरोध वर्चस्वाला होता, विद्येशी वैर नव्हते. इंग्रजीपुढे मराठीने जी तक्रार मांडली, तीच तक्रार कुणी आपल्यापुढेही मांडली होती, हे आपल्या वाङ्मयेतिहासांतून सहसा उमगत नाही.

आणि तरीही याच शहरात दोन भाषा एकाच पिढीत शेजारी नांदल्या. द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. कवी म्हणून ते कन्नडचे झाले. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत आणि कथा मराठीत लिहीत. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार बेंद्र्यांना (गोपीनाथ मोहंतींसह) मिळाला. त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार जी.एं.च्या ‘काजळमाया’ला, जो पुढे त्यांनी परत केला. एका मराठी घरातून कन्नडचा महाकवी निघतो आणि कन्नड शहरात बसून मराठी कथा आपली उंची गाठते : भाषा आणि भूमी यांचे गणित इतके सरळ नसते, हे विद्यार्थ्यांना साधनकेरीच्या तळ्याकाठी बेंद्र्यांच्या घरासमोर उभे राहिल्यावर पटकन समजेल.

म्हणून संस्कृत काव्यशास्त्र, हस्तलिखिते किंवा संस्थानी काळ हा विषय असेल तर बडोदेच निवडावे. एरवी, पहिल्या भेटीसाठी, आम्ही धारवाड सुचवतो. बडोदे आपल्याला आपले कर्तृत्व दाखवते. धारवाडात आपण दुसऱ्यांना कसे दिसलो ते कळते, आणि साहित्याच्या अभ्यासकाला हे दुसरे ज्ञान अधिक दुर्मिळ असते.

भोरचे गणेश देवी यांनी बडोद्याच्या विद्यापीठात अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडात म. म. कलबुर्गी यांची हत्या झाल्यावर २०१६ मध्ये ते बडोदे सोडून धारवाडला राहायला गेले. त्यांचे कारण आपल्या सहलीच्या कारणाहून फार मोठे होते. परंतु शहराची निवड ही भूमिकाही असू शकते, हे त्यांनी दाखवले. आपली निवड चार दिवसांची असली, तरी ती विचारपूर्वक व्हावी.