बँकेचा दरवाजा पडद्यावर आला तेव्हा

मागच्या वेळी आपण पासबुकापाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे जाऊ.

आमच्या पिढीला बँक कळली ती काउंटरवर. पितळी टोकन मुठीत धरून बाकावर बसायचं, रोखपालाने आकडा पुकारला की उठायचं. नोटा हातात, नोंद पासबुकात, शेजारी कारकुनाची सही. तत्त्वज्ञानाच्या भाषेत हे प्रत्यक्ष प्रमाण. शंका आली तर समोर माणूस होता, त्याच्याशी भांडता येत होतं. हेही काही थोडं नव्हे!

ऑक्टोबर १९९५ मध्ये अमेरिकेत सिक्युरिटी फर्स्ट नेटवर्क बँकेने आपला कारभार इंटरनेटवर मांडला. गंमत बघा, तिच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर चित्र होतं ते बँकेच्या दालनाचं. भिंती गेल्या, पण भिंतींचं चित्र लागलंच. आपल्याकडे त्याच दशकाच्या उत्तरार्धात आयसीआयसीआय बँकेने सुरुवात केली. रिझर्व्ह बँकेची इंटरनेट बँकिंगविषयीची मार्गदर्शक तत्त्वं आली २००१ मध्ये. सोय झाली. लोक मात्र बिचकत होते.

का? फ्रेड डेव्हिस या अभ्यासकाने १९८९ मध्येच मांडलं होतं की नवं तंत्र माणूस स्वीकारतो ते दोन गोष्टींवरून: ते उपयोगाचं वाटतं का, आणि वापरायला सोपं वाटतं का. बरोबरच आहे. पण पैशाच्या बाबतीत आम्हाला तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. बटण दाबल्यावर काय झालं, हे संकेतस्थळ स्पष्ट सांगतं का?

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही एका बँकेच्या संकेतस्थळावरून वीजबिल भरायला बसलो. बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं, आणि पडद्यावर उमटलं, ‘सेशन एक्स्पायर्ड’. तेही इंग्रजीत. खात्यातून रक्कम गेलेली, पावती नाही. दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, “काका, दोन-तीन दिवस थांबा, परत येतील.” आले. पण पुढची चार वर्षं आम्ही बिल रांगेत उभं राहूनच भरलं. पैसे बुडाले नव्हते. त्या पानाचा शब्द मात्र खोटा पडला होता.

नैयायिकांनी शब्दप्रमाण मानलं, पण बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह असला तरच. ‘व्यवहार यशस्वी’ हे शब्द आता कोणाचे? पडद्याचे. त्यामुळे अडखळणारं पान, गोंधळात टाकणारी सूचना, मध्येच तुटणारा व्यवहार यांना निव्वळ तांत्रिक उणिवा म्हणून सोडता येत नाही. साक्षीदारच जबानी बदलू लागला असं लोकांना वाटतं, आणि ते शाखेकडे वळतात.

यातही एक पेच आहे. हुबेहूब दिसणारं खोटं संकेतस्थळ भामट्यांनाही उभारता येतं. मग देखणेपणा हा पुरावा कसा मानायचा? म्हणूनच रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा पत्ता घ्यायला लावला. मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२५. पूर्वी आपण इमारत ओळखायचो, आता पत्त्याची शेपटी वाचायची.

आम्ही आजही पैसे पाठवले की त्या पानाची छापील प्रत काढून फाईलला लावतो. घरचे हसतात. असो. प्रश्न असतील तर घेऊ या.