सात वारांच्या सात खोल्या

गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला, समुद्राच्या तोंडाशी तेरेखोलचा किल्ला आहे. किल्ला म्हटल्यावर देवगिरी किंवा रायगड डोळ्यांपुढे आणू नका. हा एवढासाच आहे, एखाद्या मोठ्या वाड्यासारखा. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे एक हॉटेल चालत असे. त्यात खोल्या अवघ्या सात होत्या आणि त्यांना क्रमांकांऐवजी वारांची नावे दिली होती. म्हणजे पाहुणा सांगणार, "मी शुक्रवारात उतरलोय." आपल्या नेकनूरला हे ऐकून कोणीही हसेल. पुणेकराला मात्र नवल वाटणार नाही. तिथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या शुक्रवारात आणि बुधवारात राहत आली आहेत.

अशा हॉटेलाला 'बुटीक हॉटेल' म्हणतात. बुटीक हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ लहानसे दुकान. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली 'मॉर्गन्स' नावाचे हॉटेल निघाले, तेव्हापासून हा प्रकार जगभर बोकाळला. खोल्या थोड्या, प्रत्येक खोलीचा थाट वेगळा आणि भाडे भरपूर. इथे गिऱ्हाइकाला पलंगाइतकीच एक गोष्ट विकली जाते. इमारत जुनी, म्हणून रात्र महाग. माझा प्रश्न एवढाच आहे की त्या इमारतीची नेमकी कोणती गोष्ट पाहुण्याला सांगायची?

तेरेखोलची गोष्ट सावंतवाडीपासून सुरू होते. सतराव्या शतकात खेम सावंत भोसल्यांनी तेरेखोल नदीच्या मुखावर, उत्तर तीरावरच्या टेकाडावर हा किल्ला बांधला. नदीने वर गेले की बांदा लागते, जुन्या काळचे मोठे व्यापारी बंदर. मुखावर ज्याची तोफ, त्याच्या हाती वरची सगळी ये-जा. सावंतांची गलबते इथे नांगर टाकून असत. शेजारच्या पोर्तुगीजांना ते डोळ्यांत सलणे साहजिक होते. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्वारी करून हा किल्ला घेतला. त्याच मोहिमेत त्याने पेडण्यातला हळर्णचा किल्लाही जिंकला आणि पोर्तुगालच्या राजाने त्याला 'अलोर्नाचा मार्क्विस' ही पदवी दिली. अलोर्ना म्हणजे आपले हळर्ण. पेडण्याच्या एका खेड्याचे नाव असे लिस्बनच्या दरबारात जाऊन बसले!

या स्वारीची खूण आजही नकाशावर दिसते. नदीच्या दक्षिणेला गोवा, उत्तरेला महाराष्ट्र. पण तेरेखोल हे एक गाव उत्तर तीरावर असूनही गोव्याचे. पलीकडे केरीची पांढरी वाळू, मध्ये फेरीबोट. गावाच्या पाठीशी रेडी आणि शिरोडा, म्हणजे सिंधुदुर्ग. शिरोडे म्हणजे तेच, जिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला आणि जिथल्या शाळेत वि. स. खांडेकर मास्तर होते.

पोर्तुगीजांनी किल्ला नव्याने बांधून काढला, आवारात चर्च उभारले. मग १८३५ साल येते. बर्नार्दो पेरेस द सिल्वा हा गोव्यात जन्मलेला माणूस गोव्याचा मुख्य कारभारी झाला. पोर्तुगीज राजवटीत असे पहिल्यांदाच घडत होते. जानेवारीत तो गादीवर बसला आणि तीन आठवडेही झाले नाहीत तोच लष्कराने त्याला हुसकावून लावले. त्याच्या बाजूने उभे राहिलेल्यांना तेरेखोलात ठार मारले गेले, असे सांगतात. पर्यटनाच्या पुस्तकांत या बंडाचे साल सर्रास १८२५ छापलेले असते. पेरेस द सिल्वा गादीवर बसलाच त्यानंतर दहा वर्षांनी, हे कोणी पाहत नाही. गोष्ट विकायची असली की साल तपासायला सवड नसते.

आता १९५४. गोवा अजून पोर्तुगालच्या, म्हणजे सालाझारच्या ताब्यात होता. १५ ऑगस्टला सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्याच्या हद्दीत शिरायच्या होत्या. गोव्याबाहेरच्या भारतीयांना भारत सरकारने मनाई केली होती, म्हणून हे सारे गोमंतकीय होते. त्यांतली एक तुकडी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली तेरेखोलात घुसली. हातात शस्त्र नाही. त्यांनी किल्ल्यावर तिरंगा चढवला, तो एक दिवस फडकला. मग पोर्तुगीज सैन्याने त्यांना पकडले आणि तुरुंगात टाकले. मी जुने पंचांग ताडून पाहिले, त्या दिवशी रविवार होता. सात खोल्यांत एक खोली रविवारच्या नावाचीही होती.

त्या एका दिवसाचे मोल बीड जिल्ह्याच्या जुन्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर झेंडे लागले, तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो आणि इथे तोच झेंडा लावणे हा गुन्हा होता. सरहद्दीपलीकडे छावण्या टाकून लढणारी माणसे आपल्याकडच्या घराघरांतून गेली. आपली सुटका १७ सप्टेंबर १९४८ ला झाली, गोव्याची १९ डिसेंबर १९६१ ला. तेरा वर्षे आपल्या मागून.

आणि याच सालाझारच्या सरकारने स्वतःच्या देशात काय चालवले होते? पोर्तुगालमध्ये १९४२ पासून 'पोसादा' नावाची सरकारी विश्रामगृहे निघत होती. १९५० च्या सुमारास ओबिदुश गावच्या जुन्या किल्ल्यात अशीच पोसादा झाली. ऐतिहासिक इमारतीत पाहुणे उतरवण्याचा पोर्तुगालमधला तो पहिला प्रयोग. तिकडच्या किल्ल्यात सैलानी जेवत होते आणि तेरेखोलच्या किल्ल्यात बंदुकवाले पहाऱ्यावर होते. राजवट एकच. पुढे गोवा सुटला आणि तेरेखोलातही प्रवासी उतरू लागले.

माझा अशा हॉटेलांना सरसकट विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. कोकणचा पाऊस जांभ्या दगडाच्या भिंती खाऊन टाकतो. रिकाम्या इमारतीत पिंपळ उगवतो आणि चार-दोन वर्षांत मुळ्या चिऱ्यांत शिरतात. माणूस राहिला की छप्पर शाकारले जाते, गटार मोकळे राहते, दाराला तेलपाणी होते. केजवरून पुढे धारूरला गेलात तर सोळाव्या शतकातला आदिलशाही किल्ला दिसेल. तिथली मोकळी, पडझड झालेली जागा पाहून कोणाच्याही मनात येते की इथे कोणी दिवा लावणारा हवा होता.

पण दिवा लावणारा भाडेकरू असला की तो दाराला कुलूपही लावतो. सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातले २५ किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी भाड्याने देणार, अशी बातमी आली आणि गदारोळ उठला. शिवाजी महाराजांच्या इतिहासाशी निगडित किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यांची काळजी आता जग करील. उरलेल्यांचे काय? धारूरसारख्या, ज्यांच्यासाठी गदारोळ करायला फारसे कोणी नाही अशा किल्ल्यांचा करार उद्या झालाच, तर त्यात दोन कलमे असावीत. गावकऱ्याला तटावर फिरायला भाडे पडू नये. आणि पाहुण्याच्या हाती खोलीच्या किल्लीबरोबर एक कागद द्यावा: इथे कोण लढले, कोण मेले, कोणत्या साली. साल मात्र तपासून.