मेघांमध्ये उचलले जाणे : एका श्रद्धेचा इतिहास

आमच्या केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडली म्हणजे समोरच्या टेकडीवर तेरेखोलचा किल्ला लागतो. त्याच्या आवारात संत अंतोनीचे लहानसे चर्च आहे. 1746 साली पोर्तुगीजांनी हा किल्ला सावंतवाडीकरांकडून जिंकून घेतला. पेडणे महाल मात्र त्यांच्या हाती पडला तो 1788 साली. त्यामुळे या भागात ख्रिस्ती वस्ती थोडी, आणि जी आहे ती भजनी मंडळ्यांच्या शेजारात नांदणारी. येथील ख्रिस्ती माणसाला तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाची कथा ठाऊक असते, आणि त्याच्या हिंदू शेजाऱ्याला पंधरा ऑगस्टचा मरीयामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. माणूस देहासह स्वर्गात नेला जातो काय, हा प्रश्न म्हणूनच आमच्याकडे परका नाही.

अलीकडे मात्र तो निराळ्या वेषात येऊ लागला आहे. अमुक दिवशी प्रभू येणार, खरे विश्वासी निमिषार्धात आकाशात उचलले जाणार आणि उरलेले सात वर्षांच्या घोर संकटात मागे राहणार, असा मजकूर पत्रकांतून व मोबाईलवरून फिरत असतो. मोठी माणसे तो वाचून सोडून देतात. मुले सोडत नाहीत. आई गेली आणि मी मागे राहिलो तर, असे एखादा विद्यार्थी विचारतो तेव्हा त्याला हसून वाटेला लावणे शिक्षकाला शोभत नाही. ही श्रद्धा कोठून आली, हे त्याला नीट सांगितले पाहिजे.

इंग्रजीत तिला रॅप्चर म्हणतात. संत पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हार्पाझो या ग्रीक क्रियापदाचे एक रूप आले आहे. त्याचा अर्थ झडप घालून उचलणे. घार कोंबडीचे पिल्लू उचलते तसे. लॅटिन बायबलात त्या जागी रापिएमुर हा शब्द आला, आणि त्याच धातूच्या वंशातला हा इंग्रजी शब्द. आजच्या साऱ्या कल्पनेचा मुख्य आधार म्हणजे हे एक क्रियापद होय.

ते कोणत्या प्रसंगी लिहिले गेले? काळ इसवी सन 50 किंवा 51 च्या सुमाराचा. थेस्सलनीका हे मासेदोनियातील गजबजलेले बंदर. तेथे पौलाने एक छोटी मंडळी उभी केली आणि विरोधामुळे त्याला रातोरात ते शहर सोडावे लागले. मागे राहिलेली ही माणसे श्रद्धेत नवखी होती. प्रभू लवकरच परत येणार, या आशेवर ती जगत होती. तोच त्यांच्यातील काही जण मरण पावले. तेव्हा त्या घरांतून एक आक्रोश उठला असला पाहिजे: प्रभू येईल तेव्हा आपण त्याला पाहू, पण आपली गेलेली माणसे? ती त्या सोहळ्याला मुकली काय? पौलाचे उत्तर या शोकाला आहे. मृतांना मागे टाकले जाणार नाही, उलट ते आधी उठतील. मग आपण जिवंत असलेले त्यांच्यासह मेघांमध्ये उचलले जाऊ, असे तो सांगतो. आणि या शब्दांनी एकमेकांचे सांत्वन करा, असे सांगून तो हा विषय संपवतो.

म्हणजे पाहा, मागे कोण राहणार ही भीती तेथे होतीच. परंतु ती मेलेल्यांविषयी होती, आणि पौलाने ती दूर केली. आजच्या पत्रकांत तीच भीती जिवंतांच्या मानेवर बसवली आहे. हा उलटा फेरा कसा झाला, हाच या इतिहासातला खरा प्रश्न आहे असे मला वाटते.

त्याच वाक्यात दुसरा एक शब्द आहे, तो बहुतेक जण ओलांडून जातात. आपण प्रभूच्या भेटीस जाऊ, असे पौल म्हणतो. भेट या अर्थाचा हा ग्रीक शब्द राजा किंवा मोठा पाहुणा नगराकडे येत असता नागरिकांनी वेशीबाहेर सामोरे जाणे, यासाठी वापरला जाई. दहा कुमारिकांच्या दृष्टांतात वराला सामोरे जाण्यासाठी तोच शब्द आहे; पौल रोमला निघाला असता तेथील बंधुजन वाटेवर त्याला भेटायला आले, तेथेही तोच. चौथ्या शतकात जन्मलेल्या संत योहान क्रिसोस्तोमाने या वचनावरील प्रवचनात हाच दाखला दिला: राजा नगरात येतो तेव्हा मानकरी बाहेर सामोरे जातात, कैदी आत राहतात. मराठी श्रोत्यास यासाठी रोमपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपले सीमांतपूजन आठवावे. वर सीमेवर आला की वधूकडील मंडळी सामोरी जातात, त्याचे पाय धुतात, आणि त्याला घेऊन मांडवात परततात. सीमेवरूनच वराबरोबर परगावी निघून जाणारे यजमान कोणी पाहिले आहेत काय?

मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातील उदाहरणही असेच घाईने वाचले जाते. दोघी जात्यावर दळत असतील, एक नेली जाईल व एक राहील. नेली जाईल ती भाग्यवान, असे पत्रके गृहीत धरतात. पण लगेच आधीची ओळ नोहाच्या काळाची आहे. तेथे ज्यांना नेले त्यांना पुराने नेले. राहिले ते तारवातले! आणि तो दिवस व ती घटका कोणासही ठाऊक नाही, हे त्याच अध्यायात स्पष्ट लिहिले आहे.

सदेह जाण्याच्या कथा शास्त्रात नाहीत असे नव्हे. हनोखास देवाने नेले. एलिया वावटळीतून वर गेला. मरीयामाता पार्थिव जीवनाच्या अखेरीस देहात्म्यासह स्वर्गीय वैभवात घेतली गेली, ही प्राचीन श्रद्धा पोप बारावे पायस यांनी 1 नोव्हेंबर 1950 रोजी धर्मसिद्धांत म्हणून घोषित केली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली राशोलला रोमन लिपीत छापले गेले. त्यात स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हाच शब्द योजला. तुकोबांचा जन्म 1608 चा धरला, तर त्या वर्षी ते आठ वर्षांचे होते. एकाच मराठीने दोन्ही श्रद्धांना एकच शब्द पुरवला, याचे मला नेहमी कौतुक वाटते. पण या सर्व कथांत एखाद्या निवडलेल्या जिवाचा गौरव आहे. उरलेल्या जगाला टाकून जाणाऱ्या मंडळीची गोष्ट त्यांत नाही.

ती गोष्ट एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. तिची पूर्वपीठिका विलक्षण आहे. चिली देशातील मान्वेल लाकुन्सा नावाचे एक येशूसंघीय धर्मगुरू 1767 साली आपल्या संघाबरोबर स्पेनच्या राज्यातून हद्दपार झाले. (गोव्यातील येशूसंघीयांवर तोच प्रसंग पोर्तुगीज सत्तेने 1759 साली आणला होता.) इटलीत निर्वासित असता त्यांनी ख्रिस्ताच्या पुनरागमनावर मोठा ग्रंथ लिहिला, तोही एका ज्यू पंडिताचे टोपणनाव घेऊन. रोमने 1824 साली तो निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातला, आणि 1827 साली लंडनमध्ये एडवर्ड अर्विंग या स्कॉटिश उपदेशकाने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. प्रभूचे येणे व जगाचा शेवट यांच्यामध्ये मोठा काळ जाईल, हे लाकुन्सांचे म्हणणे होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत आयर्लंडमध्ये जॉन नेल्सन डार्बी यांनी पुढचे पाऊल टाकले: प्रभू दोनदा येईल, आधी आपल्या लोकांस गुपचूप नेण्यासाठी व नंतर उघडपणे न्यायासाठी. 1909 सालच्या स्कोफील्डच्या टीपांसहित बायबलाने हे मत अमेरिकेत घरोघर नेले. मूळ वचन वरच्या बाजूस, टीप तळाशी. दोन्ही एकाच पानावर वाचता वाचता टीपेलाच शास्त्राचे वजन आले.

पुनरागमनाची ही उत्कंठा महाराष्ट्रातही पोहोचली. 1905 साली पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात जी आध्यात्मिक जागृती झाली तिच्यात ती होती. तेथील मिनी एब्रम्स या मिशनरी बाईंनी लिहिलेले पुस्तक चिलीतील वाल्पारायसो येथे पोहोचले आणि 1909 च्या सुमारास तेथेही तशीच लाट उठली. केडगावची मोठी देणगी मात्र वेगळी. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले, जे त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली प्रसिद्ध झाले. कोणाच्या टीपेवर न विसंबता मूळ वचनाशी जाण्याची वाट त्यांनी दाखवली.

कॅथोलिक धर्मसभेचे मत थोडक्यात सांगतो. अंतिम न्यायापूर्वी ख्रिस्त दृश्य रूपाने येऊन पृथ्वीवर राज्य करील ही शिकवण निर्धोकपणे देता येत नाही, असा निर्णय रोमने 1944 साली दिला. हा प्रश्न आधी विचारला होता तो चिलीतील सान्तियागोच्या आर्चबिशपांनी! आणि प्रभूच्या येण्यापूर्वी धर्मसभेला अंतिम कसोटीतून जावे लागेल, असे 1992 चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. संकटाआधी सुटका, हे अभिवचन तेथे नाही.

तारखा मात्र थांबत नाहीत. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ची वाट पाहिली. हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी 21 मे 2011 ची घोषणा केली आणि त्यांच्या श्रोत्यांपैकी काहींनी साठवलेला पैसा जाहिरातींत घातला. थेस्सलनीकेतही असे झालेच होते. प्रभूचा दिवस आलाच असे मानून अस्वस्थ झालेले लोक तेथे होते, आणि कामधंदा टाकून इतरांच्या घरात जेवणारेही. त्यांच्यासाठी दुसरे पत्र गेले. त्यात मेघांचे नावही नाही. ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये, असा रोखठोक हुकूम आहे. लिहिणारा स्वतः तंबू शिवून पोट भरत होता.