एचपी, अँपिअर आणि जळलेली मोटर

आमच्या इंदापूरकडे उन्हाळ्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘डीपी जळाला’ आणि ‘मोटर जळाली’. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला त्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण एका वर्षी माझ्या धाकट्या भावाची विहिरीवरची मोटर दोन महिन्यांत दोनदा जळाली. वायंडिंगवाल्याला मी जरा रागानंच विचारलं, तार हलकी वापरली का? तो म्हणाला, ‘सर, तार चांगली आहे, तुमचं व्होल्टेज हलकं आहे.’ त्या उत्तराच्या मागे बराच इतिहास आहे.

बारामती-इंदापूर हा मुळात पाटाचा भाग. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला, १८८५ मध्ये त्याला पाणी सुटलं. पाटाचं पाणी उतारानं येतं, त्याला वीज लागत नाही. पण पाटाच्या वरच्या अंगाची रानं, विहिरी, आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीचा फुगवटा, इथलं पाणी चढवावं लागतं. आधी मोट होती, मग ऑइल इंजिन आलं, आणि १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतर हळूहळू मोटर आली. ऊस वाढला तशा मोटारी वाढल्या.

आता हिशेबाकडे येऊ. जॉर्ज ओहम हा कुलूपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा, कोलोनला शाळेत शिकवायचा. १८२७ मध्ये त्यानं पुस्तक लिहून मांडलं की व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध मिळतो. बर्लिनमध्ये हेगेलच्या वर्तुळातल्या नियतकालिकात त्याच्यावर सडकून टीका झाली. माझ्याच विषयातली मंडळी ती, त्यामुळे हे सांगताना जरा ओशाळायला होतं. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली पदक दिलं. त्याच वर्षी जूल यांनी दाखवलं की तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. हे वाक्य लक्षात ठेवा.

बल्बचं सोपं आहे. २३० व्होल्टवर १०० वॅटचा बल्ब ०.४३ अँपिअर घेतो. भागाकार केला की रोध ५२९ ओहम. व्होल्टेज उतरलं की करंट उतरतो, बल्ब मिणमिणतो, आणि बिचारा जळत मात्र नाही.

मग मोटर का जळते? मी बरीच वर्षं इथेच अडलो होतो. ओहमच्या हिशेबानं कमी व्होल्टेजला कमी करंट हवा. पण फिरती मोटर म्हणजे नुसती तार नव्हे. ती फिरताना स्वतः उलट व्होल्टेज तयार करते, आणि तेच करंटला आवरून धरतं. पंपाला पाणी उचलायला शक्ती जवळपास तेवढीच लागते. व्होल्टेज घटलं की मोटर किंचित मंदावते आणि जास्त करंट ओढून ती तूट भरते. आकडे घ्या. पाच एचपी म्हणजे ३७३० वॅट. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर आत ४६६० वॅट जायला हवेत. थ्री फेजला शक्ती म्हणजे १.७३ गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर ०.८ धरा. ४१५ व्होल्टला ८.१ अँपिअर येतात, ३२० व्होल्टला साडेदहा. करंट ३० टक्के वाढला, पण वायंडिंगमधली उष्णता ६८ टक्क्यांनी वाढली. वायंडिंगवाला हेच सांगत होता, फक्त त्यानं वर्ग केला नव्हता.

मग व्होल्टेज हलकं का? महाराष्ट्रात १९७७ मध्ये शेतीपंपांना एचपीवर ठरावीक बिल सुरू झालं. विखुरलेल्या पंपांची मीटर वाचत फिरणं मंडळाला जड जात होतं आणि शेतकऱ्यालाही सोपं बिल हवं होतं, दोन्ही बाजू मला पटतात. पण व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार करणारं यंत्रच हिशेबातून गेलं. बिल एचपीवर, मग कागदावर एचपी कमी लिहायची सवय लागली. कागदावर पाच, विहिरीवर साडेसात. यात आमचं घरही होतं, खोटं कशाला बोलू!

६३ केव्हीएचा डीपी ४३३ व्होल्टला ८४ अँपिअर देऊ शकतो. म्हणजे पाच एचपीच्या दहा मोटारी कशाबशा. त्या दहाही साडेसातच्या निघाल्या तर मागणी १२० च्या वर जाते. शिवाय डीपीपासून विहिरीपर्यंतच्या तारेलाही रोध असतोच. तो अर्धा ओहम धरला आणि ५० अँपिअर गेले, तर फेजमागे २५ व्होल्ट वाटेतच संपले. शेवटच्या विहिरीवर उरलेलं पोचतं. तिथली मोटर आणखी करंट ओढते, त्यानं तारेत आणखी व्होल्ट पडतात, शेजाऱ्याचं व्होल्टेज आणखी उतरतं. रात्री वीज आली की सगळे ऑटोस्विच एकदम मोटारी उचलतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट घेते. बिलात न मोजलेला अँपिअर मग वायंडिंगच्या दुकानात मोजला जायचा, रोख पैशांत. भावानं त्या उन्हाळ्यात वायंडिंगला दोनदा पैसे दिले, आणि उसाच्या दोन पाळ्या चुकल्या त्या वेगळ्या.

२०२४ मध्ये सरकारनं साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर केली. परवा भावाचा फोन होता. शेजारी नवी मोटर घेतोय, दहाची. मी विचारलं, कागदावर किती? तो नुसता हसला.